आपले गाठोडे, दुसऱ्याचे ओझे

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली गाडल्या गेलेल्या मजुरांत संत चोखामेळाही होते. या घटनेचा काळ परंपरेने इ. स. १३३८ असा सांगितला आहे. पुढे नामदेवांनी तेथे येऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता त्या चोखोबांच्या म्हणून वेचल्या आणि पंढरपुरास महाद्वारापाशी त्यांची समाधी उभारली, ही कथा मराठी माणसाने बालपणापासून ऐकलेली असते. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. दुःखात चित्त स्थिर कसे ठेवावे याची विद्या ज्याने जन्मभर जोपासली, त्याला ती भिंत थोपवता आली नाही. ती बांधण्याचा हुकूम त्याचा नव्हता आणि तिच्या पायाशी राबण्यावाचून त्याला गत्यंतरही नव्हते.

मनोविकारांवरील गटोपचारांविषयी वाचताना मला या भिंतीची वारंवार आठवण होते. आठ-दहा पीडितांना वर्तुळात बसवून, आपले मन आपणच कसे सांभाळावे याची कौशल्ये शिकवणारे हे वर्ग आज जगभर चालतात. ते परोपकाराचे काम आहे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण मन सावरायला शिकवून झाले की भिंतीचे काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारायचा?

या पद्धतीचा उगम, वाचकांना नवल वाटेल, क्षयरोग्यांच्या वर्गात झाला. १९०५ साली बोस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी, आरोग्यधामात जाण्याची ऐपत नसलेल्या गरीब क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावण्यास प्रारंभ केला. खर्चाचा भार तेथील इमॅन्युएल चर्चने उचलला होता. विश्रांती किती घ्यावी, मोकळी हवा व आहार कसा सांभाळावा हे शिकवायचे आणि प्रत्येकाने रोजची नोंदवही लिहून वर्गात दाखवायची, एवढाच मूळ हेतू. पण हळूहळू डॉक्टरांच्या ध्यानी आले की एकाचे वजन वाढलेले पाहून दुसऱ्याला धीर येतो, आणि हा धीरही उपचारच आहे. पुढे १९३५ साली अमेरिकेतच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा जन्म झाला. सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने १९३९ पासून अ‍ॅक्रन येथील सेंट थॉमस रुग्णालयाची दारे मद्यासक्तांना उघडली, तेव्हा दारुड्याला रोगी मानणेच अनेकांना रुचत नव्हते. १९३७ साली शिकागोचे डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांसाठी असेच स्वावलंबनाचे गट बांधले.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट रुळवली ती प्रथम व्यसनमुक्तीच्या कार्याने. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनी माणसाच्या जोडीने त्याच्या पत्नीचाही स्वतंत्र गट असावा, हे तेथे ओळखले गेले. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था स्थापन केली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आप्त पुण्यात एकत्र बसू लागले ते डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने. घरातील मनोरुग्णाविषयी चार माणसांत उघड बोलणे, हीच त्या काळी केवढी क्रांती होती!

अशा बैठकीत घडते तरी काय? घटना एक आणि तिच्याविषयी मनात उठणारा विचार दुसरा, हे वेगळे करून पाहायला शिकतात. रागाला राग आणि भीतीला भीती म्हणायला शिकतात. पुष्कळ पुरुषांना तर आपल्याला भीती वाटते हे उच्चारायलाच कित्येक आठवडे लागतात. वादळात कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, श्वासावर लक्ष आणावे, अंथरुणातून उठवत नसेल तर निदान अंगण झाडण्याएवढे छोटे काम ठरवून करावे, संकटाच्या रात्री कोणाला हाक मारायची ती नावे आधीच लिहून ठेवावीत, औषध मनाने बंद करू नये. हे सारे साधेच आहे. संत इग्नेशियस यांनी सुमारे पाच शतकांपूर्वी, आत्मिक उदासीनतेच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये असा नियम घालून दिला होता, तो आपल्या साधनेत आजही शिकवला जातो. नवे काही असेल तर ते हे की हा नियम दहाजणांनी एकमेकांच्या साक्षीने गिरवायचा.

या कौशल्यांना शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत मार्शा लिनेहन या अमेरिकन विदुषीचे स्थान मोठे आहे. सतराव्या वर्षी त्यांना हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल केले गेले आणि तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. स्वतःच्या देहाला इजा करण्याची त्यांची ऊर्मी कोणाला आवरत नव्हती. १९६७ साली शिकागोतील एका कॅथलिक साधनागृहाच्या चॅपेलमध्ये प्रार्थना करीत असता, आपण जशा आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत, अशी प्रतीती त्यांना आली. नंतर जेझुइट धर्मगुरूंच्या लोयोला विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी ही पद्धत घडवली. वस्तुस्थितीचा पूर्ण स्वीकार आणि स्वतःत बदल या दोन विरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी साधायच्या, हे तिचे सूत्र; आणि तिच्यातील कौशल्ये शिकवली जातात ती गटात. २०११ साली त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात उभे राहून त्यांनी आपला भूतकाळ जाहीर केला. रुग्णांना विद्या देणारी ही बाई त्यांच्यातलीच एक होती, हे जगाला तेव्हा कळले.

इथवर सारे समाधानकारक आहे. पण 'स्वयंव्यवस्थापन' हा जो शब्द अलीकडे या वर्गांसाठी वापरतात तो माझ्या कानाला खटकतो. व्यवस्थापन गोदामाचे करतात, कारखान्याचे करतात. माणसाचे मन ही त्याची खाजगी मालमत्ता आहे आणि तिची नासधूस झाली तर दोष मालकाचा, असा काहीसा सूर त्या शब्दातून निघतो. ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसून राहिले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच ठायी शोधू लागले, तेव्हा ते त्याचे छळक झाले. गटोपचारालाही हा धोका आहे. चांगला गट सात दिवस मुकाट बसण्याचे धैर्य राखतो. वाईट गट पहिल्याच बैठकीत उपदेशाला आरंभ करतो.

संत पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात या प्रश्नाची किल्ली आहे असे मला वाटते. तेथे तो प्रथम एकमेकांचे भार वाहण्यास सांगतो आणि अवघ्या तीन वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. वाचणारा गोंधळतो. पण मूळ ग्रीक भाषेत दोन निराळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला दडपून टाकणारे ओझे. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे प्रवाशाने ज्याचे त्याने पाठीवर घ्यावयाचे गाठोडे, अशी फोड काही भाष्यकार करतात. माझा राग, माझा अहंकार, माझी सकाळी न उठण्याची सवय हे माझे गाठोडे. ते दुसऱ्याने वाहायचे म्हटले तरी वाहता येणार नाही; फार तर ते कसे उचलावे हे तो मला दाखवील. पण दुष्काळ, सावकाराचे कर्ज, नवऱ्याची मारहाण, जातीचा अपमान हे ओझे आहे. ते एकट्याने पेलण्याचे कौशल्य शिकवणे म्हणजे ओझे आणि गाठोडे यांतला भेदच पुसून टाकणे होय.

आजच्या मंगळवेढ्यात हा भेद डोळ्यांना दिसतो. काळ्या जमिनीवरच्या येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच तालुक्यातील दक्षिणेकडच्या गावांनी शेतीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. येरवड्याचे शासकीय मनोरुग्णालय येथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की विकारागणिक ७० ते ९२ टक्के पीडितांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची मोफत दूरध्वनी सेवा मिळते, हे खरोखर उपकारक आहे. अशा भागात गटोपचार स्वस्त पडतो, एका प्रशिक्षित माणसात दहाजणांचे काम होते, म्हणून त्याचा पुरस्कार होतो. स्वस्ताई वाईट नव्हे. पण पाऊस न पडलेल्या गावात शेतकऱ्याला श्वासावर लक्ष आणायला शिकवून आपण निघून आलो, तर आपण त्याला काय दिले आणि काय नाकारले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

याच गावात दामाजीपंत होऊन गेले. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाला त्या धान्याचा मोबदला पोहोचवला, असे आख्यान सांगते. भुकेल्यांना धीर धरण्याचा उपदेश करणे दामाजींना सहज शक्य होते, आणि त्यात जिवाला धोकाही नव्हता.

म्हणून चोखोबांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्यांना केवळ सोशिक समजणे हा अन्याय आहे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, पुत्र कर्ममेळा हे सारेच अभंग रचणारे. या घराहून एकजीव गट दुसरा कोणता दाखवावा? आणि या गटात स्वीकार होता तशी तक्रारही होती. विटाळाचा जाब ते थेट देवाला विचारत, कर्ममेळ्याचा स्वर तर बापाहूनही तिखट. एकत्र बसल्याने मनाला शांती मिळाली की गट यशस्वी झाला असे आपण समजतो. या घराने एकत्र बसून आपल्या वेदनेला भाषा दिली. तरीही पंढरीच्या मंदिराचे दार त्यांच्या जातीला उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. दाराबाहेरच्यांनी सहाशे वर्षे आपले मन सावरले होते. उपास घडला तो दाराच्या आत जाण्याचा हक्क असलेल्याला.

आपल्या धर्मग्रामांत असे गट चालवायचे तर आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरूच्या ओठांवर कधी येत नाही. गटात मात्र दहा जोडी कान असतात, आणि ते दहाहीजण रविवारी एकाच मिस्सेला येतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात. गुप्ततेची शपथ घेणे सोपे. ती सासूसमोर, जावेसमोर पाळणे कठीण. म्हणून चालक प्रशिक्षित हवा, शक्य तर बाहेरच्या गावचा, आणि औषधाची गरज ओळखून मनोविकारतज्ज्ञाकडे वेळीच पाठवणारा. प्रार्थनेने बरे होईल असे सांगून गोळ्या सोडायला लावणाऱ्याला तर या खोलीत खुर्चीच देऊ नये.

एवढी काळजी घेतल्यावर समजा एखादी भगिनी बोलती झाली. नवरा पिऊन मारतो, झोप लागत नाही, विहिरीकडे पाय ओढतात, असे तिने सांगितले. छातीतली धडधड कशी शमवावी, विहिरीचा विचार आला की त्या क्षणी काय करावे, कोणाचे दार ठोठवावे, हे तिला शिकवलेच पाहिजे. त्यावर तिचे प्राण अवलंबून आहेत. पण २००५ च्या कायद्याने तालुक्याला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे सोमवारी तिच्याबरोबर कोण जाणार, मुले त्या दिवशी कोणाकडे राहणार आणि बसचे भाडे कोण देणार, हेही खुर्च्या आवरण्यापूर्वी त्याच बैठकीत ठरायला हवे.