शनी आणि उपदेशी

अनन्यभक्तीचा उपदेश घेतलेला साधकही साडेसाती लागली म्हणून शनिवारी तेल वाहण्यास निघतो, हे नवल होय. शनी सूर्याभोवती सुमारे २९.५ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो. म्हणून बारा राशींपैकी प्रत्येकीत तो सरासरी अडीच वर्षे दिसतो. अशा तीन राशी म्हणजेच साडेसाती. त्याची सुंदर कडी तर बहुतांशी बर्फाच्या तुकड्यांची! ज्याभोवती तो फिरतो तो सूर्य हाही एक तारा. आपल्या आकाशगंगेत असे १०० अब्जांहून अधिक तारे असावेत. तेही जन्मतात, विझतात. चार पदार्थांपैकी हा सारा प्रपंच, म्हणून अनित्य. ग्रहामागे देवता आहे, असे कोणी म्हणेल. असो, परंतु देवता नित्यबद्ध आहे, तिच्याकडून जीवाला मोक्ष नाही, हे त्या उपदेशीने निरूपणात अनेकदा ऐकलेले असते.