आता ती मजा नाही

उतईहून भिलाईकडे निघालेला माणूस मरोद्याच्या बाजूनं शहरात शिरला, की मैत्री बाग फार लांब राहत नाही. पोलाद कारखान्यानं वसवलेल्या या गावातली ही सगळ्यांत लाडकी सहलीची जागा. प्राणिसंग्रहालय, तळ्यातल्या होड्या, मुलांची झुकझुक गाडी, संगीतावर नाचणारं कारंजं आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे पांढरा वाघ. इथल्या मराठी घरांत, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात आले आणि ज्यांचे वडील पुढे कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून आले, अशा दोन्ही प्रकारच्या घरांत, पाहुणा आला की त्याला बागेत न्यायचं ठरलेलं असतं. आणि परतताना घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, ‘आता ती पूर्वीची मजा राहिली नाही बघा.’

ही तक्रार फक्त भिलाईची नाही. मुंबईकर एस्सेलवर्ल्डबद्दल हेच म्हणत आले आणि अमेरिकेतली मंडळी डिस्नीलँडबद्दल. प्रश्न साधा वाटतो: जागा खरोखर खालावली का? तिकीट, स्वच्छता, पाळण्यांची संख्या, दुरुस्तीचा खर्च यांचा तक्ता मांडला की उत्तर मिळेल, असं वाटतं. पण तक्ता मांडायला बसलं की पहिलीच अडचण उभी राहते. ‘पूर्वीची’ म्हणजे केव्हाची, आणि ती मजा होती कुठे, बागेत की बघणाऱ्यात?

मैत्री बागेचंच घ्या. भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो फेब्रुवारी 1955 मध्ये. (त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नीलँडचे दरवाजे उघडले, हा निव्वळ योगायोग.) पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी 1959 साली केलं. 1971 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांत मैत्री करार झाला आणि 1972 साली त्या स्नेहाची खूण म्हणून कारखान्यानं ही बाग उभारली. पुढे 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. ज्या मैत्रीची बाग, तिच्यातला एक मित्र नकाशावरून गेला. बाग राहिली, नाव राहिलं, वाघ राहिले. मग बागेचं काही कमी झालं का? झुकझुक गाडीत बसलेल्या चार वर्षांच्या पोराला विचारलं तर नाही. रशियन अभियंत्यांना गावात फिरताना पाहिलेल्या निवृत्त कामगाराला विचारलं तर हो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

भारतीय तत्त्वज्ञानात हा वाद फार जुना आहे आणि तो बागेपेक्षा कितीतरी गंभीर कारणासाठी झाला. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक म्हणत, काल पाहिलेली वस्तू आज पाहून ‘ही तीच’ असं आपण ओळखतो, म्हणजे ती टिकून आहे. या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणत. बौद्ध आचार्य म्हणत, ओळख हा पुरावाच नाही. कापलेली नखं पुन्हा वाढतात आणि आपण ती तीच समजतो. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, तरी रात्रभर ‘तोच दिवा’ जळतो. सारखेपणाला आपण एकपणा समजून बसतो, एवढंच. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिला तो या क्षणिकवादाला उत्तर म्हणूनच. दोन्ही पक्षांनी शतकानुशतकं एकमेकांना सोडलं नाही.

गंमत अशी, की ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ म्हणणारा माणूस दोन्ही पक्षांचं एकाच दमात बोलतो. ही तीच बाग आहे, असं तो नैयायिकासारखा धरून चालतो. कारण ती तीच नसेल तर खालावली कोण? आणि ती तशी राहिली नाही, असं तो बौद्धासारखा सांगतो. फक्त एक गोष्ट तो स्थिर मानतो, ती म्हणजे स्वतः. बदल सगळा बागेच्या खात्यावर. आठव्या वर्षी वाघाची डरकाळी ऐकून बापाच्या मांडीला मिठी मारणारा मुलगा आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी कुठे लावायची म्हणून वैतागलेला गृहस्थ हे एकच मापक आहेत, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. बौद्ध आचार्यांनी त्याला इथेच गाठलं असतं.

मुंबईच्या गोराईला हा वाद अक्षरशः जमिनीवर उभा आहे. एस्सेलवर्ल्ड सुरू झालं 1989 साली, शेजारचं वॉटर किंगडम 1998 साली. मार्वेहून खाडी ओलांडून जायचं, ‘झिपर डिपर’मध्ये किंचाळायचं, संध्याकाळी भिजक्या कपड्यांनी परत यायचं, हा एका अख्ख्या पिढीचा संस्कार होता. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या सहली, सगळ्या तिकडे. आणि त्याच आवाराला लागून, एस्सेल समूहाच्या सुभाष चंद्रांनी दिलेल्या जमिनीवर, विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेनं ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा राहिला. 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. आत एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत अडकवून रचलेला घुमट आणि त्याखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतील एवढी जागा. गोएंकांच्या शिकवणीचा गाभा एकच: शरीरावरच्या संवेदना बघा, त्या येतात आणि जातात, सगळं अनित्य आहे.

म्हणजे एकाच बोटीतून उतरलेली माणसं दोन वाटांनी जात. एका वाटेला संवेदना विकत घेण्याची सोय, दुसऱ्या वाटेला तीच संवेदना तटस्थपणे बघण्याची. करोनाच्या काळानंतर एस्सेलवर्ल्डच्या राइड्स बंद झाल्या, वॉटर किंगडम चालू राहिलं, पॅगोडाही आहे. अनित्यतेचा उपदेश शतकानुशतकं टिकावा म्हणून बांधलेल्या दगडी घुमटाखाली चालतो आणि तिचं प्रात्यक्षिक शेजारच्या लोखंडी पाळण्यांनी तीन दशकांत करून दाखवलं. असा शेजार कुणी मुद्दाम आखला नसता.

इथवर आलं की एक पळवाट दिसू लागते आणि ती फार सोयीची आहे. सगळंच अनित्य, तर बाग खालावली म्हणून रडायचं कशाला? गंजलेला पाळणा, शेवाळलेलं कारंजं, फुटलेलं बाक ही सृष्टीची रीतच. असं बोलणाऱ्यानं विपश्यनेच्या एखाद्या केंद्रात सेवक म्हणून राहून पाहावं. तिथे दहा दिवस अनित्यतेचं ध्यान चालतं आणि त्याच दहा दिवसांत धम्मसेवक पहाटे चारच्या घंटेपासून स्वयंपाक, झाडलोट आणि वेळापत्रक काटेकोर सांभाळतात. अनित्य आहे म्हणून झाडू ठेवून द्या, असं तिथे कुणी सांगत नाही.

गाडगेबाबांनी तर यावर वाद घालायची गरजच ठेवली नाही. पंढरीची यात्रा भरली की ते चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन हजर असत, पण विठ्ठलाच्या देवळात जात नसत. लाखोंच्या यात्रेत घाण होणारच, उद्या पुन्हा होणार, पुढच्या एकादशीला आणखी होणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी खराटा सुटला नाही. क्षय ठरलेला असणं आणि देखभाल आपल्यावर असणं या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकमेकींच्या आड आल्याच नाहीत.

भिलाईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याचा कारखानाच तसा चालतो. झोतभट्टीच्या आतलं उष्णतारोधक विटांचं अस्तर झिजत जातं. काही वर्षांनी भट्टी थंड करायची, अस्तर बदलायचं, पुन्हा पेटवायची. याला तिथे कॅपिटल रिपेअर म्हणतात. अस्तर झिजलं म्हणून भट्टीचा दर्जा गेला, असं कुणी म्हणत नाही. कॅपिटल रिपेअर टाळलं, तर मात्र म्हणतात. पुरीच्या जगन्नाथानं हाच विचार देवाच्या देहाला लावला आहे. अधिक आषाढ आलेल्या ठरावीक वर्षी, जसं 1996 आणि 2015 साली, कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, जुन्यांतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात त्यांत ठेवतात आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात. देव बदलला की तोच राहिला, हा प्रश्न भाविकाला छळत नाही. झाड कसं निवडायचं, दैतापती म्हणवणाऱ्या सेवकांपैकी कुणी काय करायचं, सगळं ठरलेलं असतं. देवसुद्धा झिजतो हे मान्य करून त्याची तरतूद केलेली आहे.

तक्रारीतला खरा भाग इथे सापडतो. बाग जुनी झाली ही तक्रार पोकळ. बागेच्या झिजण्याची तरतूद कुणी केली नाही, ही भरीव. पहिली आठवणीवर उभी आहे, दुसरी एका जबाबदारीवर. डिस्नीच्या उद्यानांचंही तसंच. तिथे 1999 पासून रांग चुकवण्यासाठी फुकट मिळणारी फास्टपासची सोय करोनाकाळात थांबली आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तीच सवलत ‘जिनी प्लस’ या नावानं पैसे घेऊन परत आली. एकही पाळणा कमी झाला नव्हता. तरी काहीतरी खालावलं, असं लोकांना वाटलं आणि ते चुकीचं नव्हतं. रांगेत सगळे सारखे ही समजूत तिकीट लावून विकली गेली. देवळांना यावर बोट ठेवायची सोय उरलेली नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचं शीघ्रदर्शन आहे, शिर्डीतही पैसे भरून लवकर दर्शन होतं. शिर्डीत तर मालपाणी समूहानं उभारलेलं साईतीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्कच आहे. खोपोलीची इमॅजिकाही 2022 साली याच समूहाकडे आली. तीर्थ उद्यानासारखं आणि उद्यान तीर्थासारखं होत चाललं आहे, तेव्हा दोघांकडेही एकाच डोळ्यानं बघायला हरकत नसावी.

आणि मैत्री बागेत तर असे रहिवासी आहेत, ज्यांच्याजवळ ‘पूर्वी’ नावाची गोष्टच नाही.

देशोदेशीच्या पिंजऱ्यांतले पांढरे वाघ बहुतांशी एकाच वाघाच्या वंशातले. 1951 च्या मे महिन्यात रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडला. मोहन त्याचं नाव. गोविंदगढच्या वाड्यात त्याची जोडी साध्या रंगाच्या वाघिणीशी लावली, तर पांढरं पिल्लू होईना. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि 1958 साली चार पांढरी पिल्लं झाली. पुढचा बराच विस्तार असाच, रक्ताच्या नात्यातून. त्या रंगाच्या जनुकाबरोबर डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची घडण बिघडते, म्हणून कित्येक पांढरे वाघ तिरळे असतात. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं 2011 साली आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास करू नका, असं बजावलं. मैत्री बाग मात्र देशात नावाजली ती याच पैदाशीसाठी. इथे जन्मलेले पांढरे वाघ इतर शहरांतल्या प्राणिसंग्रहालयांत गेले आणि भिलाईकरांना त्याचा अभिमान वाटत आला.

आता मजेच्या हिशेबानं पाहिलं तर पांढऱ्या वाघांनी गजबजलेले पिंजरे हे बागेचे सोन्याचे दिवस, आणि वाघ कमी होणं ही उतरती कळा. वाघाच्या हिशेबानं नेमकं उलट. पूर्वीच्या सोन्याच्या दिवसांत बाप-लेकीच्या जोडीचा वारसा होता, छोटे पिंजरे होते, गजांतून भिरकावलेले शेंगदाणे होते. देशात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं 1992 साली. जनावरासाठी किती जागा, कसा आडोसा, याचे नियम त्यानंतरचे. उद्या बागेनं पैदास थांबवली, पिंजऱ्यांच्या जागी झाडी वाढवली आणि वाघ दुपारभर झाडीत दडून बसला, तर उतईहून आलेलं कुटुंब तासभर उभं राहून, काही न दिसताच परत जाईल. बाग बिघडली, असं ते शेजाऱ्यांना सांगेल. बागेला पन्नास वर्षांत जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलेलं असेल, आणि तिकिटाचे पैसे फुकट गेले हेही खरंच असेल.