दुसऱ्याच्या श्वासावर आपला अधिकार आहे काय?



मागे आमच्या वस्तीतील एका तरुणाने मला विचारले, "गुरुजी, पंचशीलात दारू आली, विडी आली नाही. मग घरात बसून विडी ओढली तर शील मोडते काय?" नुकताच धम्म स्वीकारलेल्या माणसाने असा प्रश्न विचारावा, हे मला चांगलेच वाटले.

परंतु उत्तर देण्यापूर्वी मी माझी एक चूक सांगतो. माझ्या वर्गातील एका मुलाच्या कपड्यांना विडीचा वास येई. मी त्याला चार पोरांदेखत टाकून बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला. पुढे कळले की त्याने विडीला कधी हातही लावला नव्हता. घर एका खोलीचे. वडील रात्रपाळी करून येत, खाटेवर बसून विड्या ओढीत आणि पोरगा तेथेच पुस्तक घेऊन बसे. ज्याचा काही दोष नव्हता त्यानेच धूर गिळला आणि बोलणीही खाल्ली.

उरवड्याच्या माणसाला धुराचे भय नव्याने सांगावयास नको. ७ जून २०२१ रोजी येथील रासायनिक कारखान्यास आग लागली आणि १७ कामगार प्राणास मुकले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तो धूर साऱ्या गावाने पाहिला. घरातला विडीचा धूर मात्र कोणी धूर म्हणून पाहतच नाही.

ह्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोग निर्माण करू शकतात. छातीचे दुखणे आपणांस ठाऊक आहे. परंतु मनाचे काय? स्कॉटलंडमध्ये स्वतः धूम्रपान न करणाऱ्या साडेपाच हजारांहून अधिक प्रौढांच्या लाळेची तपासणी झाली. निकोटिनपासून शरीरात कोटिनीन नावाचे द्रव्य बनते. त्यावरून कोणाच्या अंगात दुसऱ्याचा धूर किती गेला हे कळते. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या अंगात हे द्रव्य अधिक, त्यांच्यात मानसिक त्रासाची शक्यता सुमारे दीडपट आढळली. गरिबी आणि जुने आजार हिशेबात धरल्यावरही हे नाते उरलेच. एवढ्यावरून धूर हेच एकमेव कारण असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे विवेकाला धरून होणार नाही. पण सावध होण्यास एवढे पुरेसे नाही काय? आपल्या देशात २०१६-१७ च्या पाहणीत दर १०० प्रौढांपैकी जवळजवळ ३९ जणांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. राजगृहाच्या वेळुवनात एक ब्राह्मण भगवान बुद्धांस शिव्या देऊ लागला. भगवंतांनी त्याला विचारले, की पाहुण्याने वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाकडे राहते? ज्याचे त्याच्याकडे, असे तो म्हणाला. तशाच तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याकडेच राहिल्या, असे भगवंतांनी त्याला समजाविले.

बंधूंनो, शिवी नाकारता येते. श्वास नाकारता येत नाही. पाळण्यातले मूल "हा धूर मी घेत नाही" असे कसे म्हणणार? सासऱ्यापुढे सून काय बोलणार? जे नाकारण्याची सोय नाही ते दुसऱ्याला देणे म्हणजे त्याच्यावर लादणे होय. म्हणून विडीचा विचार केवळ पाचव्या शीलाच्या शब्दांत शोधू नका. प्राणिमात्रास इजा न करणे हे पहिले शील, आणि न दिलेले न घेणे हे दुसरे. लेकराच्या वाट्याची स्वच्छ हवा त्याने आपणांस कधी दिली होती?

मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई करण्याचे आदेश दिले. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचा हक्क हाच त्याचा आधार होता. २००३ साली कायदा झाला. परंतु हा कायदा आपल्या उंबरठ्याशी थांबतो. उंबरठ्याच्या आत शीलाचेच राज्य चालले पाहिजे.

कोणी म्हणेल, "दिवसभर राबतो, विडीने मन शांत होते." कष्ट खरे आहेत. पण निकोटिनची सवय लागली की ते मिळाले नाही म्हणून जीव कासावीस होतो, आणि विडी तीच कासाविशी घटकाभर थांबविते. विडीनेच केलेली जखम विडीच चाटते! व्यसन सोडलेल्यांची चिंता आणि उदासी कमी होते, असे संशोधनातून दिसले आहे.

तेव्हा आजपासून एवढे करा. घरात विडी-सिगारेट पेटवू नका. खिडकी उघडल्याने भागत नाही. सोडावयाची असेल तर १८००-११-२३५६ ह्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि भगिनींनो, मुलांनो, "बाहेर जा" असे प्रेमाने पण स्पष्ट सांगा. तो अपमान नव्हे, ती मैत्रीच आहे.

त्या मुलाची मी साऱ्या वर्गासमोर क्षमा मागितली. त्याच्या वडिलांची विडी अजून सुटलेली नाही. पण आता ते खाटेवरून उठून अंगणाबाहेर जातात. सुरुवात अशीच होते.

जयभीम!