कडू आणि खरे

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणे लागलेले असताना, कुडकुडत अंगणात उभे राहायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा, हा आमच्या कोकणातल्या घरचा रिवाज. फराळाचे ताट समोर दिसत असताना हे कडू कशाला, असे मी लहानपणी आईला विचारी. "तोंड वाकडे कर हवे तर, पण चाख," एवढेच ती म्हणे. त्या कारिटाची आठवण मला पुढे अशा एका जागी झाली, की ती जागा कोणती हे आईला सांगण्याचा धीर मला दोन वर्षे झाला नाही.

1973 साली नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडात गेलो आणि केंट परगण्यातील एका खेड्यात बिऱ्हाड केले. घरमालक सत्तरीतले विधुर गृहस्थ होते. पहिल्याच शनिवारी ते मला गावच्या पबमध्ये घेऊन गेले. आपल्याकडचा देवळाचा पार, चावडी आणि न्हाव्याचे दुकान ही तिन्ही एका छपराखाली आणली, तर जे होईल तो इंग्रजी खेड्यातला पब. माझ्यापुढे तांबूस रंगाच्या बिअरचा भलाथोरला पेला आला. एक पिंट, म्हणजे 568 मिलिलिटर! तिचे नावच मुळी 'बिटर', म्हणजे कडू. एखाद्या हलवायाने आपल्या दुकानावर 'कडू' अशी पाटी लावावी, तसे मला वाटले. मी एक घोट घेतला आणि केंटमध्ये बसल्या जागी कारीट फुटले.

"वा, फार छान आहे!" मी म्हणालो.

म्हातारबुवांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "आवडलीच पाहिजे असे नाही," ते म्हणाले, "पण तिच्याविषयी खोटे बोलू नकोस. काय लागते ते सांग."

"कडू."

"आणखी?"

"कोमट."

ते हसले. "आणखी?" आणखी मला काहीच सांगता येईना. "मग अजून तू ती चाखलेली नाहीस," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

वाचकहो, मद्याची भलावण करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या घरात तो विषय नको असतो, तशाच घरात मी वाढलो. शिवाय म्हातारबुवांचा नियमही एका पिंटापलीकडे जात नसे. मला सांगायचे आहे ते चवीविषयी, आणि चवीत दडलेल्या एका प्रश्नाविषयी. जी गोष्ट आधी नकोशी वाटते आणि पुढे सवयीने आवडू लागते, ती आवड खरी मानायची का? की दहा वेळा 'छान' म्हटले, म्हणून अकराव्या वेळी ते आपल्यालाच खरे वाटू लागते?

त्या हिवाळ्यात म्हातारबुवांनी मला चाखायला शिकवले. आधी पेला उजेडासमोर धरून पाहायचा, मग वास घ्यायचा, मग लहान घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरू द्यायचा, आणि गिळल्यावर गप्प बसायचे. हे गप्प बसणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बिटरचा कडवटपणा घोट गिळल्यावर सावकाश वर येतो. सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवतात, आपण सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतो तसे. त्यातून बिस्किटासारखा, किंचित करपलेल्या साखरेसारखा गोडवा येतो. कडवटपणा देतात ती हॉप नावाच्या वेलीची पोपटी, खवल्याखवल्यांची फुले. उकळीच्या सुरुवातीला घातलेली फुले तासभर शिजून कडूपणा देतात आणि शेवटी घातलेली सुवास देतात. आमटीला फोडणी आधी आणि कोथिंबीर शेवटी, तशातलाच प्रकार. आणि जिला मी कोमट म्हणालो होतो, ती बिअर तळघरातल्या 11 ते 13 अंश सेल्सिअसच्या गारव्यातून आलेली होती. बर्फासारखे गार पेय जिभेला बधिर करते, आणि बधिर जिभेला कसली चव कळणार?

चार महिन्यांनी मला त्या पेल्यात संत्र्याच्या सालीचा, ओल्या गवताचा आणि भाजलेल्या पावाचा वास ओळखता येऊ लागला. कडू मात्र ती पूर्वीइतकीच होती. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडले असे वाटते. मी स्वतःला फसवले असते, तर कडूला गोड म्हणू लागलो असतो. तसे झाले नाही. पूर्वी मला एकच मोठा आवाज ऐकू येत होता, आता त्यामागचे बारीक स्वर ऐकू येऊ लागले. आवड मागाहून आली. आधी ओळख झाली. चरकसंहितेत तिक्त रसाविषयी म्हटले आहे की, तो स्वतः रुचकर नसला तरी अरुची घालवतो. पुढचा घोट घ्यावासा का वाटतो, हे मला त्या एका वाक्याने जितके कळले तितके पबमधल्या कोणी सांगूनही कळले नव्हते.

आणि सवयीने लागलेली आवड खोटी म्हणावी, तर सगळे इंग्लंडच खोटे ठरेल. हॉपची फुले घालण्याची रीत त्या देशात पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडच्या डच मुलखातून आली. त्यापूर्वीचे त्यांचे 'एल' बिनहॉपचे असे. अँड्र्यू बोर्ड नावाच्या वैद्याने 1542 साली लिहून ठेवले आहे की, एल हे इंग्रज माणसाचे स्वाभाविक पेय आणि बिअर हे डच माणसाचे. ज्या कडवटपणाला आज ते परंपरा म्हणतात, तोही एके काळी परकाच होता!

पण ओळख झाली की तिच्यामागून एक जबाबदारी येते. ही गोष्ट मला 1975 च्या फेब्रुवारीत कळली. पबच्या मालकाची बायको तेव्हा इस्पितळात होती. एका संध्याकाळी पेल्यातला घोट गिळला आणि शेवटी शिरक्याची टोचणी जाणवली. अशी बिअर पिपात जिवंत असते. पीप एकदा उघडले की हवा आत शिरते आणि तीन-चार दिवसांत ती बिघडू लागते. तळघराकडे पाहायला मालकाला वेळ मिळाला नव्हता हे उघड होते. सातआठ माणसे मुकाट्याने पीत होती. "ठीक आहे ना?" मालकाने मला विचारले. "छान आहे," मी म्हणालो. संकटात सापडलेल्या माणसाला आणखी काय सांगायचे?

म्हातारबुवा उठले. आपला आणि माझा पेला घेऊन गल्ल्यापाशी गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हे पीप संपले. चल, मी तुझ्याबरोबर खाली येतो." अर्ध्या तासाने दोघे वर आले तेव्हा दोघांच्याही बाह्या भिजलेल्या होत्या. शेजारी निवळत ठेवलेल्या पिपातली बिअर मालकाने सर्वांना पुन्हा दिली, आणि त्या आठवड्यात प्रथमच तो कोणाशी तरी बायकोच्या प्रकृतीविषयी बोलत बसला.

परतताना म्हातारबुवांनी विचारले, "तुला कळले होते ना?"

"हो. पण तो बिचारा अडचणीत होता."

"म्हणून तर सांगायचे," ते म्हणाले. "दोन दिवस सगळे त्याला छान म्हणत होते आणि तो तिथे एकटाच होता."

पहिल्या दिवशीचे माझे 'छान' अजाणतेपणाचे होते. हे दुसरे जाणतेपणाचे, म्हणून अधिक वाईट. ज्याला चव कळते त्याने गप्प बसायचे ठरवले, की वाईट वस्तू हळूहळू चांगलीच्या जागी बसते. त्याच काळात तिकडच्या मोठ्या कारखान्यांनी गाळलेली, वायू भरलेली निर्जीव बिअर सर्वत्र खपवायला घेतली होती. 1971 साली चार तरुणांनी तिच्याविरुद्ध चळवळ सुरू केली. तीच आजची 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. त्या चौघांचे भांडवल एवढेच की, त्यांना फरक कळत होता आणि तो त्यांनी बोलून दाखवला.

त्याच वर्षी दिवाळीला मी घरी आलो. माझ्या पत्रांत दोन वर्षे चहा, बर्फ आणि ऑफिस एवढेच होते. पहाटे आईने कारीट पुढे केले. मी ते फोडले, रस जिभेला लावला आणि म्हणालो, "आई, मी तिकडे बिअर पितो. तुला लिहिले नाही."

उटण्याची वाटी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. तिला वाईट वाटले होते, आणि ते तिने लपवले नाही. मग मला पाटावर बसायची खूण करून तिने विचारले, "कशी लागते?"

"कडू," मी म्हणालो.

"आणखी?"

मी चमकून तिच्याकडे पाहिले आणि सांगू लागलो. बंबातले पाणी निवेपर्यंत मी सांगत होतो.