कुत्र्याने धरलेली कोंबडी आणि पाळणाऱ्याचा धर्म

कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी जगवायची, की तिच्या मानेवरून सुरी फिरवून मोकळे व्हायचे, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण अहिंसेच्या विचारातले बहुतेक अवघड पेच त्यात एकत्र येतात. हैदराबादच्या कडेच्या वस्त्यांत तो नवा नाही. तिथल्या अंगणांत गावरान कोंबड्यांबरोबर ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ही चरताना दिसतात. राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने या जाती परसातल्या पालनासाठीच तयार केल्या. त्याच गल्ल्यांत भटकी कुत्रीही असतात.

या विषयावरचे पुष्कळसे तत्त्वज्ञान जखम न पाहताच केलेले असते, म्हणून आधी जखम पाहावी. कुत्रा बहुधा शेपटीकडून किंवा पाठीवर धरतो. वरून चार पिसे उपटलेली दिसतात, एवढेच. पिसे बाजूला केली की कातडीवर सुळ्यांची बारीक छिद्रे सापडतात आणि त्यांच्याखाली कातडी मांसापासून सुटून पोकळी झालेली असते. कुत्र्याच्या लाळेतले जंतू या पोकळीत वाढतात, त्यामुळे लहानसे छिद्र उघड्या फाटलेल्या जखमेपेक्षा घातक ठरू शकते. कोंबडी मान आखडून, डोळे अर्धवट मिटून बसून राहते. ती ओरडत नाही, कारण दुबळेपण दाखवणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. या गप्प बसण्यावरून तिला फारसे दुखत नसावे असे मानले जाते, ते चूक आहे. 2000 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ब्रॉयलर कोंबड्यांपुढे साधे खाद्य आणि वेदनाशामक मिसळलेले खाद्य, दोन्ही ठेवले. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य निरोगी कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्ले, आणि लंगडेपण वाढले तसे हे प्रमाणही वाढले.

शुश्रूषा साधी असली तरी तिला चिकाटी लागते. कोंबडीला उबदार, अंधाऱ्या, शांत जागी डालग्याखाली एकटे ठेवतात, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की कळपातल्याच कोंबड्या तिला टोचू लागतात. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवून पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावतात. चाव्याचे छिद्र घट्ट शिवत नाहीत, आतला पू बाहेर यायला वाट ठेवतात. पाणी चोचीत ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून चोचीच्या कडेला थेंब लावून तिचे तिलाच पिऊ देतात. प्रतिजैविक पशुवैद्याने सांगितलेलेच द्यायचे आणि तो सांगेल तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत. कातडी भरून आली की पिसे पुन्हा उगवतात.

एवढे सगळे करायचे ते कोणासाठी, असा पहिला आक्षेप असतो. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या आणि पुढेमागे पातेल्यात जाणाऱ्या जिवासाठी? आषाढात बोनालू सुरू झाला की गोलकोंडा, सिकंदराबादची उज्जैनी महांकाळी, लाल दरवाजा या क्रमाने सण शहरभर फिरतो आणि देवीला कोंबडीचा मानही दिला जातो. त्याच घरातल्या बाईने जखमी तलंगेला रात्रभर उशाशी घेऊन बसावे, यात विसंगती दिसते. पण वेदना आजची असते. उद्या कापली जाणार म्हणून आज जखम कमी दुखत नाही. मरण ठरलेल्याची शुश्रूषा करू नये असा नियम काढला, तर तो माणसालाही लागू होईल, कारण मरण कोणाचे चुकलेले नाही. कोंबडी खावी की नाही हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत समोरच्या जिवाला तळमळत ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

जुन्या शहरातल्या मुसलमान घरात हाच पेच धर्मशास्त्राच्या भाषेत येतो. कुराणाच्या पाचव्या सूरेत, अल-माइदामध्ये, हिंस्र पशूने फाडलेला प्राणी खाण्यास निषिद्ध ठरवला आहे. मात्र तो जिवंत असतानाच रीतसर जबह केला, तर तो त्या निषेधातून सुटतो. त्यामुळे ‘जीव आहे तोवर कापून घ्या’ असा सल्ला लगेच येतो आणि गरीब घरात त्यामागचा हिशेबही खरा असतो. तरीही ही सूट आहे, आज्ञा नव्हे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला ईश्वराने क्षमा केल्याची हदीस त्याच परंपरेत प्रसिद्ध आहे. कोंबडी जगण्यासारखी असेल, तर तिला जगवणाऱ्याच्या बाजूनेही धर्म उभा राहतो.

सगळ्यात खोल पेच जखमेत अळ्या पडल्यावर येतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माशीला एक दिवस पुरतो. मग एका जिवाला वाचवण्यासाठी चिमट्याने शेकडो जीव काढून मारावे लागतात. ज्ञानेश्वरांनी हा प्रश्न टाळलेला नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ते यज्ञातल्या हिंसेलाच अहिंसा म्हणणाऱ्या पूर्वमीमांसेचा समाचार घेतात, आणि पुढे आयुर्वेदाकडेही वळतात. एक जीव वाचावा म्हणून झाडे मुळासकट उपटायची, साली सोलायच्या, जिवंत वनस्पती उकळायच्या, याला अहिंसा कसे म्हणावे, असा त्यांचा रोख आहे. 1290 सालच्या या ग्रंथातली ही शंका आजही बोचते, कारण ती क्रूर माणसाला विचारलेली नाही, दयाळू माणसाला विचारलेली आहे.

जैन विचाराने या पेचातून चालण्यापुरती वाट काढली आहे. जीव इंद्रियांच्या संख्येने ओळखले जातात: माशी चतुरिंद्रिय, कोंबडी पंचेंद्रिय. अधिक इंद्रियांच्या जिवाची हिंसा अधिक घोर मानली जाते. शिवाय मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा आणि घरसंसारात अटळपणे घडणारी आरंभी हिंसा यांत भेद केला जातो, आणि गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य आहे. अळ्या काढणे दुसऱ्या प्रकाराजवळ येते. म्हणून ते निर्दोष ठरत नाही, दोष कमी ठरतो इतकेच. ही भूमिका प्रामाणिक आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात असा दावा ती करत नाही, आणि त्या कारणाने शुश्रूषा सोडायलाही सांगत नाही. जखम पहिल्याच दिवशी झाकून माशी बसू न दिली, तर कोंबडीही वाचते आणि अळ्या मारण्याची वेळही येत नाही.

मग कुत्र्याचे काय? दगड त्याच्याकडे आधी वळतो. शिबी राजाच्या कथेत कबुतर शरण येते, पण ससाण्याची भूकही खरी मानली जाते आणि राजा स्वतःचे मांस तोडून ती भागवतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन मंदिरातले पक्ष्यांचे रुग्णालय शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेते, आणि शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार करून त्यांना पाठवते. शिकाऱ्याला वेगळे ठेवले तरी उपचार नाकारलेले नाहीत. कुत्र्याला पाप लागत नाही, कारण पर्याय तोलून पाहण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. मात्र या करुणेने धोका विसरता कामा नये. फेब्रुवारी 2023 मध्ये हैदराबादच्याच अंबरपेठेत चार वर्षांचे मूल भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात दगावले. निर्बीजीकरण, लसीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट ही नगरपालिकेची कामे आहेत, आणि ती नीट न करणे हे कुत्रे आणि माणूस दोघांशीही निर्दयपणाचे आहे.

काही जखमांपुढे शुश्रूषा हरते. पोट फाटून आतडी बाहेर आली असतील किंवा पाठीचा कणा मोडला असेल, तर जगवण्याचा हट्ट कोंबडीसाठी उरत नाही, स्वतःच्या समाधानासाठी उरतो. 1928 मध्ये साबरमती आश्रमात असाध्य यातनेत पडलेल्या वासराला गांधीजींनी विषाचे इंजेक्शन देवविले आणि त्यावर मोठे वादळ उठले. त्यांचा निर्णय बरोबर होता असेच म्हणावे लागते, एका अटीवर: यातना असाध्य आहे हे कंटाळ्याने किंवा खर्चाने ठरवायचे नाही, जाणकाराने पाहून ठरवायचे.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणसाखेरीज प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या व्याख्येत येतो, म्हणजे कोंबडीही आणि कुत्राही. कलम 3 प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करणे बंधनकारक आहे. कलम 28 धार्मिक रीतीने प्राणी मारण्याला सूट देते, पण जखमी जिवाकडे दुर्लक्ष करण्याला देत नाही. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले.

पाळणाऱ्याचा धर्म खुराड्यापासूनच सुरू होतो. कोंबडीने उडून, पळून जीव वाचवायची वाट त्याने खुराडे घालून बंद केलेली असते, त्यामुळे तिच्या रक्षणाचा भार त्याच्यावर येतो. कोंबडीची पातळ जाळी कुत्रा दातांनी फाडतो. तिच्याऐवजी जाड तारेची वेल्ड केलेली जाळी लावावी, तिची खालची कड जमिनीत पुरावी आणि दिवेलागणीपूर्वी कडी घालावी. घरात कोंबड्या असतील त्यांनी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवावा, आणि कुत्र्याने कोंबडी धरली तर सकाळची वाट न पाहता त्या नंबरावर फोन करावा.