बांधाखालचं कोठार

मंगळवेढ्याच्या शिवारात दोन भावांची शेती लागून होती. वडील गेले, वाटणी झाली आणि मधल्या बांधावरून बिनसलं. नांगरताना तू बांध कोरलास, असं दोघांचंही एकमेकांविषयी म्हणणं. मोजणी होईस्तोवर बांधाला कुणी हात लावायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं. मग त्या बांधावर हराळी माजली, कुंदा माजला, बोरीची झुडपं दाटली. उंदराला अशी जागा सोन्यासारखी. पिकातली बिळं नांगराखाली मोडतात, बांधातलं घर वर्षानुवर्षं टिकतं.

थोरल्यानं हस्ताच्या पावसावर मालदांडी पेरली होती. या भागातल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच ही ज्वारी. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येणारी, वरून पाणी न मागणारी. धाकट्याकडे हरभरा होता. ज्वारी हुरड्यात आली आणि रोज सकाळी ताटं आडवी दिसू लागली. बुडाशी तिरका काप आणि शेंड्याचं कणीस गायब.

थोरल्यानं संध्याकाळीच झिंक फॉस्फाइडचं आमिष कालवलं आणि दिसेल त्या बिळात टाकलं. काही उंदीर मेले. पण उंदीर अनोळखी खाणं आधी थोडंसं चाखतो आणि त्रास झाला, तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. वाचलेले शहाणे झाले. त्यांची वीण तीन आठवड्यांत होते आणि रिकाम्या बिळांत बांधातली नवी बिऱ्हाडं आली. "समदं त्याच्या रानातनं येतंय," थोरला म्हणाला. पलीकडे धाकटाही हेच म्हणत होता.

आई दोघांकडे आळीपाळीनं राहायची. तिनं एका सकाळी दोघांना बांधावर उभं केलं. "कुदळ घ्या."

दोघं एकमेकांकडे न बघता खणू लागले. तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग होता. हातभर आत वाट फुटली, एक फाटा थोरल्याच्या रानात, दुसरा धाकट्याच्या. त्याखाली कुरतडलेल्या पाल्याचं मऊ अंथरूण आणि शेजारी कोठार. आईनं सूप धरलं. कणसांचे तुकडे निघाले, त्यांत मिसळलेले हरभऱ्याचे घाटे निघाले, आणखी कणसं, आणखी घाटे. १९७२ च्या दुष्काळात अशी बिळं उकरून दाणे गोळा केलेली ती बाई. तिनं खाली बसून एकीकडे ज्वारी, एकीकडे घाटे वेगळे केले.

"ह्ये तुजं, ह्ये तुजं. तुमी बोलत न्हाई, पर माल एकाच घरात भरताय."

कुणी काही बोललं नाही. बांधाच्या भांडणात माणूस बांधाखाली काय चाललंय हे बघायचंच विसरतो, आणि असे बांध आपल्याकडे गावोगाव आहेत.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून दोन्ही रानांतली आणि बांधावरची सगळी बिळं चिखलानं लिंपली. सकाळी जी उघडी दिसली, ती नांदती. तिथं आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल चोळलेलं भरडलेलं धान्य ठेवलं, उंदरांना चव लागेपर्यंत. मग एकाच संध्याकाळी दोन्हीकडे दोन टक्के विषाचं आमिष बिळांत खोल सारलं, हात न लावता, काठीनं कालवून. या विषावर उतारा नाही, म्हणून पोरं आणि कुत्री घरी बांधल्यासारखी ठेवली. मेलेले उंदीर घार-कुत्र्याच्या तोंडी लागू नयेत म्हणून खोल पुरले. मग बांधावरचं झुडूप काढलं. गव्हाणी घुबडाला रात्री बसायला रानात उंच पक्षीथांबे रोवले. घुबड अशुभ म्हणणाऱ्या धाकट्यानंच त्यांतला पहिला रोवला.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळं लिंपली. मधल्या बांधावर फारशी उघडली नाहीत. पण थोरल्याच्या पश्चिमेच्या कडेला एक रांग ताजी उकरलेली होती, मातीचे ढीग पलीकडच्या रानाकडे तोंड करून.

त्या रानाच्या मालकाशी थोरल्याचं जुनं वैर होतं. दोघं भाऊ त्याच संध्याकाळी त्याच्या दारात गेले.

"पावनं, कुदळ घेऊन या सकाळी," धाकटा म्हणाला. "आमी बी येतोय."