पगारापोटी दिलेले मुलूख

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनच्या बाकावर बसून गाडीची वाट पाहताना फ्रेंच सेनापती बुसी मला पहिल्यांदा माणूस म्हणून भेटला. त्याआधी तो पानिपताच्या धड्यातलं एक नाव होता. इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीची कवायत शिकला होता, बुसीच्या तालमीत तयार झाला होता, एवढंच बाईंनी सांगितलेलं लक्षात होतं. जुन्या मराठी कागदांत त्याला 'मुसा बुसी' म्हणतात. फ्रेंच 'मस्य' आपल्या कारकुनांच्या कानांनी 'मुसा' ऐकला आणि तसाच लिहिला.

शेजारचे अंकल गावी निघाले होते. कोक ओव्हनमध्ये जन्म घालवून निवृत्त झालेले, बोब्बिलीजवळच्या खेड्यातले. खुर्सीपार आणि कॅम्पमध्ये श्रीकाकुलम, विजयनगरमकडची अशी कितीतरी घरं आहेत. रायपूरहून विजयनगरमला जाणारा लोहमार्ग 1931 साली पुरा झाला होता. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा ती माणसं त्या वाटेने वर आली आणि आमच्यासारखी वऱ्हाडी माणसं हावड्याच्या लाइनीने पूर्वेला सरकली. फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. माझे वडील त्यानंतर थोड्याच वर्षांत अचलपूरकडून आले. पावर हाउसच्या बाजारात आई घासाघीस करायची ती हिंदीत, मनातला हिशोब मात्र मराठीत, आणि शेजारी उभी असलेली अंकलची बायको तोच हिशोब तेलुगूत करत असे.

"बोब्बिलीत पाहण्यासारखं काय आहे?" मी सहज विचारलं.

"एक स्तंभ आहे," अंकल म्हणाले. "बुस्सी दोरा तोफा घेऊन आला होता ना, त्या लढाईचा."

दोरा म्हणजे साहेब. आजीने सांगितलेली गोष्ट त्यांनी मला गाडी येईपर्यंत सांगितली. तिकडे ती बुर्रकथेत गातात. 24 जानेवारी 1757. विजयनगरमच्या विजयरामराजूचं बोब्बिलीच्या रंगारावाशी जुनं वैर. बुसीला महसूल गोळा करून देणारा हा राजू, त्यामुळे त्याच्या वैरासाठी फ्रेंच तोफा बोब्बिलीच्या मातीच्या किल्ल्यापुढे लागल्या. आता टिकाव लागत नाही असं दिसल्यावर आतल्या पुरुषांनी आपल्याच बायकामुलांना मारलं आणि मग स्वतः तटावर मेले. रंगारावाचा एक लहान मुलगा तेवढा वाचला. काही रात्रींनंतर बोब्बिलीचा सरदार तांड्र पापारायुडू विजयरामराजूच्या तंबूत शिरला आणि त्याने त्याला भोसकलं. हे सांगताना अंकलचा आवाज खाली आला. अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण त्यांच्या घरात ती कुणा जवळच्या माणसाच्या मरणासारखी सांगितली जात असावी.

घरी आल्यावर मी पुस्तकं काढून बसले. पाँडिचेरीचा एक सेनापती बोब्बिलीपर्यंत पोचलाच कसा? उत्तर औरंगाबादेत सापडलं. 1751 साली पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याने बुसीला दख्खनमध्ये धाडलं होतं. त्याच्या बळावर सलाबतजंग निजामाच्या गादीवर बसला. फौज पोसायची, तर पगार हवा आणि खजिना रिकामा. 1753 च्या अखेरीस औरंगाबादेत तोड निघाली. कोंडापल्ली, एल्लोर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुलम, हे चार सरकार, म्हणजे महसुली प्रांत, फ्रेंच फौजेच्या खर्चापोटी तोडून द्यायचे. अंकलचं खेडं त्या दिवशी एका पलटणीच्या पगारात गेलं.

मुलूख देऊन फौज पोसणं आपल्याला नवं नव्हतं. आपले सरंजाम तेच होते. पण सरंजामदाराचं घरदार, देवस्थान, सोयरीक याच मातीत असायची आणि सरंजाम काढून घेता यायचा. बुसीची फौज पाँडिचेरीला बांधलेली आणि पाँडिचेरी समुद्रापलीकडच्या एका व्यापारी कंपनीला. तिथला मुलूख हा ताळेबंदातला एक आकडा. मला वाटतं, फ्रेंचांनी या देशात मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट ही आहे. भाषा उरली ती पाँडिचेरीत आणि 1954 पर्यंत फ्रेंच राहिलेल्या यानमसारख्या ठिपक्यांत. बोब्बिलीत फ्रेंच काहीच उरलं नाही. उरली ती वहिवाट, आणि ती इंग्रजांनी उचलली.

1798 साली निजामाला तैनाती फौज स्वीकारावी लागली आणि त्याच्याकडची फ्रेंच पलटण मोडली. नागपूरकर भोसल्यांच्या गळ्यात तीच अट 1816 मध्ये पडली. 1854 मध्ये नागपूर खालसा झालं आणि छत्तीसगडही, म्हणजे आज जिथे सेक्टरांच्या रांगा आहेत ती जमीनही, सरळ कंपनीकडे गेली. पण वाचता वाचता मी थांबले ती त्याच्या आदल्या वर्षावर. मे 1853. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजाम नासिरुद्दौलाकडून इंग्रजांनी वऱ्हाड लिहून घेतलं. माझ्या आजोबांचं गाव त्यात होतं. अचलपूरच्या छावणीची फौजही त्याच कंटिंजंटची. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असं आजोबा अभिमानाने म्हणत. ते सोनं कुणाच्या पगाराला गेलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

अंकलचं गाव 1753, माझं 1853. दोन्ही निजामाने दिलेली, दोन्ही दुसऱ्याच्या फौजेच्या पगारापोटी.

तोफांच्या धाकाने हिशोब वसूल करण्याची ही रीत आपल्यापुरती राहिली नाही. हैतीच्या गुलामांनी फ्रेंचांना हरवून 1804 मध्ये देश स्वतंत्र केला. 1825 मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी. त्या नुकसानीत स्वतः ते गुलामही मोजलेले होते. पुढे रक्कम 9 कोटींवर आली, पण ती फेडायला पॅरिसच्या बँकांकडून कर्ज काढावं लागलं आणि कर्जावर कर्ज चढत त्याचा शेवट 1947 मध्ये झाला. आपण स्वतंत्र झालो त्या वर्षापर्यंत हैतीचा शेतकरी कॉफी विकून स्वतःच्या सुटकेची किंमत भरत होता. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

आपल्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर अंकलसमोर बसायचा मला अधिकार नाही. 1741 मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन तिथला सत्ताधीश चंदासाहेब याला पकडलं आणि साताऱ्याला पाठवलं. त्याची बायकामुलं पाँडिचेरीच्या आश्रयाला होती. गव्हर्नर द्युमाने त्यांना हवाली करायला नकार दिला. सात वर्षांनी सुटलेला हाच चंदासाहेब डुप्लेच्या दक्षिणेतल्या राजकारणाचं प्यादं झाला. आणि 1754 मध्ये भोसल्यांची फौज त्याच सरकार प्रांतात उतरली, लूट केली आणि परतली. बोब्बिलीकडच्या शेतकऱ्याने तीन वर्षांत आधी मराठे पाहिले, मग तोफा. आपल्याकडे त्या स्वारीचा पोवाडा नाही, म्हणून ती आपल्या आठवणीतही नाही.

14 जानेवारी 1761 ला पानिपतावर गारद्यांच्या तोफा थंडावल्या. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. दोनच दिवसांनी, 16 जानेवारीला, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेलं. शाळेत या दोन तारखा मी दोन वेगळ्या धड्यांत पाठ केल्या होत्या.

अंकल महिन्याने परतले तेव्हा मी त्यांना घ्यायला पुन्हा पावर हाउसला गेले. रिक्षात बसल्या बसल्या मी हे सगळं एका दमात सांगितलं. भोसल्यांच्या लुटीचं सांगताना जीभ अडखळली. ते म्हणाले, "माहीत आहे बेटा. आजी मराठ्यांचं पण सांगायची. तुझ्या घरी कसं सांगणार?" मग त्यांनी सनं पुन्हा विचारली. खिशातून गाडीचं तिकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हलत्या रिक्षात सावकाश लिहिली. वर 1853, खाली 1753, वजाबाकी मांडतात तशी. गावाकडच्या भावाला फोनवर सांगायची आहेत, म्हणाले.